डोळ्यांची उंची

सिम्युलेटरच्या पडद्यावर विमानाच्या शेपटीमागच्या कॅमेऱ्यातून धावपट्टीवरचा ट्रॅक्टर दिसला. वैमानिकाच्या खुर्चीतल्या कॅमेऱ्यातूनही दिसला. एकटीनं उतरताना शिकाऊ वैमानिक मुलीचं विमान त्यालाच धडकलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी सिम्युलेटर थांबवला. “एवढं धूड दिसलं नाही?” “डोळे घरी विसरली असेल,” खुर्चीत रेललेले प्रशिक्षक हसले. चूक तिची ठरली, तर उड्डाण कायमचं बंद. “हा खुर्चीतला कॅमेरा सरांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे,” ती म्हणाली. “माझ्या डोळ्यांपर्यंत खाली घ्या.” ऑपरेटरनं तो चार बोटं उतरवला. पडद्यावर विमानाचं नाक वर चढलं. ट्रॅक्टर त्याआड गडप. “मग रोज अंदाजानं उतरायचात?” अधिकाऱ्यांनी विचारलं. “निळ्या उशीवर बसायचे. त्या सकाळी सरांनी काढून घेतली. म्हणाले, ‘विमान आहे, दिवाणखाना नाही.’” “खोटं!” प्रशिक्षक गरजले. “कसली उशी?” अधिकारी तिच्याकडे वळले. “पुरावा?” तिची नजर प्रशिक्षकांच्या मांडीखालच्या निळ्या टोकावर थबकली. “सर, जरा उठता?” प्रशिक्षक उठले नाहीत.