वीस मिनिटं

अभ्यासिकेच्या गच्चीवर येऊन तिने घरी फोन लावला तेव्हा सहा वाजायला दोन-तीन मिनिटं होती. समोर छपरांच्या वर सूर्य अजून चांगला तापलेला होता.

परीक्षा परवावर आली होती. वयाच्या अटीमुळे हा शेवटचाच प्रयत्न. भूगोलातलं बाकी सगळं तोंडपाठ होतं; वारे, खडक, भरती-ओहोटी, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. एका रेखांशाला चार मिनिटं, इथपर्यंत ठीक. पण पूर्वेकडे गेलं की ती मिळवायची की वजा करायची, याचा दरवेळी घोळ व्हायचा. गेल्या खेपेला याच गणितात दोन गुण गेले आणि ती दीड गुणाने यादीबाहेर राहिली.

फोन आईने उचलला. "बोल, त्यांच्या कानाला लावते. पण सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवलेही नाहीत."

बाबा तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. गाडी एक मिनिट उशिरा सुटली तर ड्रायव्हरची धडगत नसे. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ते पलंगावर होते. बोलणं हळूहळू हो-नाहीवर आलं होतं.

"बाबा, जेवला का नाहीत?"

"नको वाटलं."

"माझं एक काम होतं तुमच्याकडे."

"माझ्याकडे? कसलं?"

"तुमच्या खिडकीतून सूर्य दिसतोय ना? तो पूर्ण बुडाला की मला वेळ सांगायची. इथे मीही बघते. तुम्ही माझ्यापेक्षा पाच अंश पूर्वेला आहात, म्हणजे वीस मिनिटांचा फरक यायला हवा. कोणाचा आधी बुडतो, तेच माझं चुकतं."

ते म्हणाले, "सूर्य एक, घड्याळ एक आणि बुडायच्या वेळा दोन? काहीतरीच तुझं."

"बघा तर खरं."

पलंग करकरला. "अगं, ती उशी दे मागे," ते आईला म्हणाले. "आणि माझं घड्याळ आण. हातातलं."

दिवस आणि रात्र सारखी असण्याचा तो आठवडा होता, त्यामुळे गणितात दुसरी भानगड नव्हती. बाबांच्या खिडकीबाहेर सपाट माळ, मध्ये झाड नाही की घर नाही. ते सांगत होते आणि ती कानाला फोन लावून ऐकत होती.

"टेकला." मग बराच वेळ श्वासाचा आवाज. "अर्धा राहिलाय. नखाएवढा. गेला! सहा वाजून आठ."

हा आवाज तिने चार महिन्यांत ऐकला नव्हता.

तिने हात लांब करून बोटं आडवी धरली. "बाबा, माझ्याकडे अजून आहे."

"किती?"

"तीन बोटं वर. लख्ख. डोळा ठरत नाहीये."

"थापा मारू नकोस."

"आईशप्पथ."

ते म्हणाले, "इथे गेलाय गं. मी माझ्या डोळ्यांनी बघितला जाताना. तुझ्याकडे काय काय दिसतंय, सांग मला. एकेक सांग."

ती सांगू लागली. पाण्याच्या टाक्या पिवळ्या झाल्यात. समोरच्या दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळतायत, त्यांच्यातून ऊन आरपार येतंय. माझी सावली जिन्याच्या दारापर्यंत गेलीय. आणि सांगता सांगता ती मध्येच थांबली.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. शंभर वेळा लिहिलेलं, खाली रेघ मारलेलं वाक्य. अंधाराची कड बाबांच्या पलंगावरून पुढे सरकली होती आणि आता माळ, नद्या, रस्ते, गावं ओलांडत तिच्याकडे निघाली होती. मिनिटाला सव्वीस किलोमीटर. यायला वीस मिनिटं लागणार होती.

"बाबा, तो कुठेच जात नाहीये," ती म्हणाली. "आपण वळतोय. तुम्ही पूर्वेला, पुढे, म्हणून तुम्ही आधी वळलात. मी तुमच्या मागून येतेय."

"म्हणजे ही खोली फिरतेय?"

"खोली, पलंग, आई, सगळं."

"वेग काय धरतेस?"

"आपल्याकडे तासाला सोळाशे किलोमीटर."

"मध्ये थांबा नाही कुठे?"

"एकही नाही."

"आणि डॉक्टर म्हणतात, मी चार महिने जागचा हललेलो नाही," बाबा म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तसं आई मागून काहीतरी ओरडली. त्यांनी तिला गप्प केलं. "थांब गं, तिचा बुडायचाय अजून."

दोघंही फोन कानाला धरून वाट बघत राहिले. टाक्यांवरचा पिवळा रंग तांबूस झाला. सूर्य शेवटच्या छपरामागच्या शेतांना टेकला, अर्धा झाला, नखाएवढा उरला.

"सहा अठ्ठावीस," दोघं एकदमच म्हणाले.

"बरोबर वेळेवर," बाबा म्हणाले. असं ते आजवर एकाही गाडीबद्दल म्हणाले नव्हते.

ऊन तिच्या अंगावरून गेलं. चादरी पांढऱ्या दिसू लागल्या. तिला वाटलं, गच्ची, अभ्यासिका, खालचा रस्ता, सगळं शहरच तिला घेऊन मागे मागे कलतंय, सावकाश, आवाज न करता. पावलं आपोआप फाकली.

"बाबा, गरगरल्यासारखं होतंय."

"कठडा धर," ते हळूच म्हणाले. "मी पलंग धरलाय."