लेकीची ओळ

ज्योतीने ओढणीआड फोन धरला होता. अंगठा रेकॉर्डिंगच्या बटणावर होता. समोर आई, इंदिराबाई, नव्या लुगड्यात निजवलेली. भोवती गल्लीतल्या वीसेक बायका. कोणीच रडत नव्हतं.

तिला नवल वाटलं. पारोळ्याकडच्या या गावात मयताला बायका सुरात रडतात, गेलेलीचे गुण आळवत, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आता ती जळगावला पियानो शिकवत असे. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या संगीतावरचं तिचं पुस्तक होत आलं होतं. म्हणणं साधं होतं. तिकडच्या मोठ्या संगीतकारांच्या म्हणून आपण ज्या चाली ऐकतो, त्यांतल्या कितीतरी खेड्यापाड्यांतून आल्या. लग्नातल्या, सुगीतल्या, मयतातल्या. सूर मैफलीत गेले, प्रसंग गावातच राहिला. शेवटच्या प्रकरणात त्या चालींच्या जोडीला तिला खानदेशातलं रडणं हवं होतं.

आईकडे तिने ते दोनदा मागितलं होतं.

"कोन मरनं?" आईने विचारलं होतं.

"कोणी नाही गं. पुस्तकासाठी."

"मंग कशी रडू? तुना पुस्तकवाला मरू दे पहिले, मंग देखसू." आणि भाकरी थापता थापता आई हसली होती.

आणि आता एकही बाई रडेना. ज्योती शेजारी बसलेल्या सुगंधामावशीच्या कानाशी वाकली.

"मावशी, कोणी रडत का नाही?"

मावशीने तिच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं. मग ओढणीकडे.

"पहिली ओळ लेकनीच. मंग आम्ही झेलतस. बठ्ठ्या सकायपाईन तुनी वाट देखी ऱ्हायन्यात."

"मला नाही येत."

"कोनलेच येत नही, बाई. तोंड उघड."

ज्योतीने तोंड उघडलं. सकाळपासून थांबलेल्या सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. मग 'माय' एवढा एकच शब्द निघाला, वर चढला आणि घसरत घसरत खाली आला. तो जमिनीला टेकायच्या आत वीस बायकांनी झेलला. बटण दाबायच्या आधीच अंगठा त्यावरून कधी सुटला, ते तिला कळलं नाही.

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. शेवटच्या प्रकरणात या रडण्याची स्वरलिपी नाही. एकच वाक्य आहे : 'ही चाल टिपायची राहिली, टिपणारी रडत होती.'