रोबोराजाची सिग्नेचर

“रोबोराजाला निळा बरा दिसेल का जांभळा?” सावळीरामांनी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता मुलाला विचारलं.

सुनीलला चहाचा ठसका लागला.

“मला काय माहीत, अण्णा! त्यालाच विचारा ना फोरमवर.”

“विचारलंय. उत्तर नाही अजून. नोकरीबिकरी असेल बिचाऱ्याला.”

नोकरी होतीच. अंबडच्या एका कारखान्यात, स्टोअरकीपरची. कारण रोबोराजा म्हणजे खुद्द सुनीलच होता. उद्या जेवणाच्या सुट्टीत ‘निळा’ असं लिहून टाकायचं, हे त्यानं मनाशी ठरवलं आणि गुपचूप चहा संपवला.

रोबोराजा, मंगळवासी, स्पेसकिंग, लेझरलाली... अण्णा सोडले तर फोरमवरचे सातही सभासद तोच. करणार काय हो! दोन हजार सहा साल होतं. द्वारका चौकातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या सावळीराम पेंटरांच्या हातच्या. पण गावात फ्लेक्स आलं आणि बघता बघता त्यांचे ब्रश वाळून खडखडीत झाले. अण्णा दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. शेवटी वत्सलाबाईंनी डोळ्यांना पदर लावून मुलाला सांगितलं, “अरे, तुझे अण्णा माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत आता. कर काहीतरी.”

सुनीलनं केलं. जुना कॉम्प्युटर आणला, नेट घेतलं, चित्रं करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. पण चित्रं काढायची कुणासाठी? पाट्या रंगवणाऱ्याला गिऱ्हाईक लागतं. मग त्यानं नेटवर एक फोरमही उघडला, तोही फुकटचाच. ‘उद्याची दुनिया’ हे नाव आणि येणाऱ्या काळाच्या गप्पा. तिथे जो काही लिहितो, त्याच्या लिखाणाखाली त्याची एक बारकी चित्रपट्टी दिसते, तिला सिग्नेचर म्हणतात, असं त्यानं अण्णांना समजावलं.

“मग सरळ सांग ना, ट्रकच्या मागची पाटी!” अण्णा म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी हसले.

तिथून जे सुटले ते सुटलेच. आधी एक काळाकुट्ट थर. त्यावर निळ्या उजेडाचे फटकारे. त्याच्यावर आपला द्वारका चौक, पण सन दोन हजार नव्वदचा. हवेत तरंगणारे कांद्याचे टेम्पो आणि खाली सिग्नल तोडून पळणारा रोबो. सॉफ्टवेअरमधली तयार अक्षरं तर त्यांना मुळीच पटेनात. “ही कसली अक्षरं? जीवच नाही त्यांच्यात,” असं म्हणत ते माऊसनं एकेक अक्षर वळवून काढायचे, कडेकडेनं त्याला चकाकी द्यायचे. सुनील सातही नावांनी वाहवा करायचा, नव्या फर्माइशी सोडायचा आणि घरी येऊन साळसूदपणे विचारायचा, “काय अण्णा, काय म्हणतात तुमची मंडळी?”

धाकधूक एकच होती. अण्णा भलते मानी. आपलं कौतुक करणारं तिथे कुणीच नाही, पोरगाच सोंगं काढतोय, हे कळलं की संपलं. मग माऊसही ब्रशांच्या डब्यात जाणार आणि अण्णा पुन्हा ओट्यावर.

आणि एक दिवस फोरमवर आठवा सभासद आला. धूमकेतू.

सुनीलनं डोळे चोळून पाहिलं. खराखुरा माणूस! कोण, कुठून लिहितो ते कळायची त्या फोरमवर सोय नव्हती, पण आला होता हे खरं. त्या आनंदात त्यानं टेबलावर अशी थाप मारली की शेजारचा कारकून दचकला.

पण हा धूमकेतू महाफटकळ निघाला. पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, “पेंटरसाहेब, रोबोराजाच्या पट्टीतला ‘ज’ लंगडतोय. बाकीचे नुसते वाहवा करतात. डोळे आहेत का यांना?” दुसऱ्या दिवशी रोबोराजालाच धरलं, “काय राव, रोज भर दुपारी इथे पडीक असता. जेवता कधी?”

सुनीलचा जीव खालीवर झाला. हा मेला अण्णांना दुखावणार! संध्याकाळी धावतपळत घरी आला, तर अण्णा मजेत ‘ज’चं पोट गोल करत बसलेले.

“जाणकार माणूस आहे हा,” ते म्हणाले. “बरोबर चूक पकडली.”

मग धूमकेतूनंच सगळा फोरम अंगावर घेतला. फर्माइशी त्याच्या, वादही त्याचे. सुनीलनं हळूच स्पेसकिंगला गप्प केलं. लेझरलालीचं तर लग्न लावून तिला दुबईला धाडलं. दुपारचा डबा तो आता निवांत खाऊ लागला. किती हलकं वाटत होतं त्याला! कोण कुठला परका माणूस, अगदी देवासारखा धावून आला होता.

रविवारी सकाळी अण्णांनी नवी पट्टी दाखवली. गोदावरीवर काचेचा पूल, आकाशात दोन चंद्र आणि चांदीच्या अक्षरांत धूमकेतूचं नाव.

“अण्णा, एक नंबर! धूमकेतू खूश होणार बघा.”

“होईल, होईल.” अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि मुलाकडे नीट पाहिलं. “तुझा चेहरा बरा दिसतोय हल्ली. मध्ये फार वाळला होतास.”

“काम जरा कमी झालंय.”

“अजून कमी कर. तू आता नुसता रोबोराजा ठेव, तो बोलतो छान,” चष्मा चढवून अण्णा पुन्हा माऊसकडे वळले. “धूमकेतूचं मी बघतोच आहे.”