सहीसाहेबांचं बोन्साय

"हा फोटो आजचा आहे?" सहीसाहेबांनी विचारलं.

"आजचाच. बाजूला आजचा पेपर ठेवलाय की," बायको म्हणाली.

"तेच म्हणतोय. पुरावा मागितला नव्हता, तरी दिलास."

हॉस्पिटलच्या पलंगावर, पाठीला तीन उशा आणि छातीला तारा लावलेल्या अवस्थेत, सहीसाहेब बायकोचा मोबाइल भिंगातून बघत होते. बँकेत एकतीस वर्षं त्यांनी चेकवरच्या सह्या पडताळल्या. नाव तिथेच पडलं. रिटायर झाल्यावर सह्या थांबल्या, संशय चालू राहिला. आज सकाळच्या गोळ्यासुद्धा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या होत्या, आणि कालच्यापेक्षा या जरा जास्त गोल आहेत, असं नर्सला ऐकवलं होतं.

फोटो त्यांच्या बोन्सायचा होता. उंची वीतभर, वय तेवीस. हॉस्पिटलात यायला ते एकाच अटीवर तयार झाले होते : झाडाचा रोज एक फोटो.

ऑपरेशन उद्या सकाळी होतं. त्याच्या संमतीचा फॉर्म उशाशेजारच्या ड्रॉवरमध्ये दोन दिवस कोरा पडून होता.

"नऊ दिवसांचे नऊ फोटो," ते म्हणाले. "एक पान गळलं नाही. एक नवं आलं नाही. एक जरा कललंसुद्धा नाही."

"मग चांगलंच आहे की."

"अगं, खरी सही दोनदा सारखी येत नाही. माणूस शिंकतो, पेन अडतं, बायको हाक मारते. हुबेहूब जुळली की समजायचं, कोणीतरी निवांत बसून गिरवलीय."

बायकोने संत्रं सोलायला घेतलं. ते आधीच सोललेलं होतं.

"आणि हे पान," भिंग एका जागी थांबलं, "उलटं आहे. पोट वर, पाठ खाली. आपलं झाड इतक्या वर्षांत कधी असं वागलं नाही."

बायकोने संत्र्याची एक फोड सुटी केली.

"डिंक," बायको म्हणाली.

"काय?"

"डिंकाने लावलीत. पण पानं त्याचीच आहेत हो! गळलेलीच परत लावली. दुसऱ्या कुणाची नाही आणली."

"मग वाळली कशी नाहीत?"

"वाळायला लागली तेव्हापासून तेलाचं बोट फिरवते."

"तरीच चमकतायत! मला वाटलं, तब्येत सुधारली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "झालं काय त्याला?"

"तुम्ही इकडे आलात आणि मी ते खिडकीतून उचलून तुमच्या घरच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवलं. खोली फारच रिकामी दिसत होती. मग आत गेले की पाणी घालायचे. दिवसातून दहादा आत जायचे." तिने संत्र्याची फोड उगाचच उलटीसुलटी केली. "तिसऱ्या दिवशी पानं टाकायला लागलं. नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत हिरवं निघालं. म्हणाला, जिवंत आहे, पण मुळं सडतायत. कुंडीतून काढायचं, सडकं कापायचं, वरून छाटायचं, नव्या मातीत लावून परत खिडकीत ठेवायचं. आणि महिनाभर, काकू, तुम्ही लांब राहायचं."

"मग छाटलं का नाही?"

"रोज फोटो कुणाला हवा होता? बोडकं झाड बघितलं असतंत, तर तुम्ही..." ते वाक्य तिने सोडून दिलं. "आपली मुलगीही म्हणाली, ऑपरेशन होईपर्यंत बाबांना काही कळता कामा नये."

"म्हणजे मला हिरवं दिसावं म्हणून ते तिकडे मरतंय." सहीसाहेबांनी मान डोलावली. "वा. आणि ज्या घरात झाडाला डिंक लावतात, त्या घराने माझ्या रिपोर्टला काय लावलं असेल?"

बायकोने संत्रं बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही. पण कापलं नाही, तर फार दिवस नाहीत."

"आणि तुझा नर्सरीवाला?"

"तोही असंच म्हणाला."

"अगदी हुबेहूब?" त्यांचे डोळे बारीक झाले.

"नाही हो. डॉक्टरांनी टक्के सांगितले. शंभरात ऐंशी. नर्सरीवाला नुसता मान हलवत होता."

"कशी?"

तिने हलवून दाखवली. धड हो नाही, धड नाही नाही.

"मग दोघंही खरं बोलत असतील," सहीसाहेब म्हणाले. "फॉर्म काढ."

पेन त्यांनी आधी पेपरच्या कडेला चालवून बघितलं. मग सही केली. पेन अडलं, शेवटचा फाटा अर्ध्यातच राहिला. त्यांनी ती लांब धरून, मग जवळ धरून पाहिली.

"मी काउंटरवर असतो, तर ही पास केली नसती," ते म्हणाले. "संध्याकाळी नर्सरीवाल्याला बोलाव. छाटू दे. आणि उद्याचा फोटो बोडक्या झाडाचाच काढ."

"उद्या तुम्ही आत असाल ना."

"काढून ठेव. बाहेर आलो की बघेन."

ते डोळे मिटून पडले. बायको त्यांचा हात हातात घेऊन बसली. पाचेक मिनिटांनी, झोप लागली असावी असं वाटल्यावर, तिने त्यांच्या मनगटावर हलकंच नख ओढलं.

"हिरवं आहे?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"आहे."

"उजेडात धरून बघ," सहीसाहेब म्हणाले. "मग सांग."