निळ्या काठाचं भांडं

प्रेमलाताईंनी वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली आणि चिनी मातीचं गोल भांडं ताराच्या ओट्यावर ठेवलं. काठ चांगला उंच, त्यावर निळी वेल. मुलानं काचेचा नवा सेट आणलाय, तेव्हा हे आता नको, असं त्यांनी सांगितलं.

"केकबिक करायचं आहे गं हे. तुझ्याकडे ओव्हन नाही, पण दही तरी लावशील. फारसं वापरलेलं नाही, माळ्यावरच पडून होतं."

का पडून होतं ते ताराला पक्कं ठाऊक होतं. या थोरल्या जावेच्या औरंगाबादच्या वास्तुशांतीला ताराचे वडील रखमाजी जाफराबादहून दोन एसट्या बदलून पोचले, तेव्हा पंगती उठल्या होत्या. म्हाताऱ्याला कुणी पान वाढेना. टेबलावर हे भांडं दिसलं. उंच काठाचं, म्हणजे भाकर कुस्करायची पितळीच असणार, असं त्यांना वाटलं. फडक्यातली भाकर त्यांनी त्यात मोडली, वरण मागून घेतलं आणि पोटभर जेवले. मग नळाखाली तीनदा धुऊन भांडं पालथं घातलं. प्रेमलाताई चार बायकांसमोर म्हणाल्या, धातूचं असतं तर चिंच लावून घासलं असतं, ही माती, सगळं शोषून घेते. रखमाजी तेव्हा दारातच उभे होते.

त्या दिवसापासून हा माणूस लेकीच्या घरीसुद्धा उंबऱ्याच्या आत जेवला नव्हता. जालन्याला यायचे, पायरीवर बसायचे, गावाहून बांधून आणलेली भाकर खायचे. तारा पाया पडली, रुसली, एकदा दिवसभर उपाशी राहिली, पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. आजही ते पायरीवरच होते. प्रेमलाताई त्यांच्याकडे न बघता शेजारून आत आल्या होत्या.

ताराचा नवरा नरहर स्वयंपाकघरात डोकावला. त्यानंही भांडं ओळखलं. सणासुदीला वाद नको, ठेवून घे आणि उद्या कामवालीला देऊन टाक, असं तो हळूच म्हणून गेला. ताराला ते तिथंच फरशीवर आपटावंसं वाटलं. उचललंही तिनं. पण आपटलं की एका क्षणात सगळं संपलं असतं, आणि चार वर्षं धरलेला डूख एवढ्या स्वस्तात सोडायची तिची तयारी नव्हती. तिनं काठाला कुंकवाचं बोट लावलं, लई कामाचं आणलं म्हणाली आणि जाऊबाईंना बैठकीत बसवून आली.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी तिनं वाळू पसरली. रवा, दही, साखर, वेलदोडा कालवून भांड्यात ओतलं, ते वाळूवर ठेवून पातेल्याला घट्ट झाकण लावलं. ओव्हन नसलेल्या घरातही केक होतो, फक्त आच मंद ठेवावी लागते. ते ताराला चांगलं जमत होतं. तासभर ती बाहेर प्रेमलाताईंच्या नव्या सोफ्याचं कौतुक हसत ऐकत बसली.

केक तिनं आतच कापला आणि स्टीलच्या बशांतून आणला. मोठे दीर जगन्नाथ मान खाली घालून खाऊ लागले. प्रेमलाताईंनी एक तुकडा संपवून दुसरा घेतला.

"छान झालाय गं. कशात केलास? डब्यात?"

"तुम्ही आणलं त्यातच की, ताई. आबा जेवल्ते, तेच ना हे. माती सगळं शोषून घेती, तुमीच म्हणल्ता. म्हणून चव उतरली असंल."

प्रेमलाताईंचा घास गालातच राहिला. नरहर पंख्याकडे बघू लागला.

तारा अर्ध्या केकसकट भांडं घेऊन पायरीवर गेली आणि ते वडिलांसमोर ठेवलं. रखमाजींनी निळी वेल पाहिली आणि हात मागं घेतला.

"हे त्यायचं हाय."

"आता आपलं हाय, आबा. त्यायनी सोताच्या हातानं दिलं."

त्यांनी काठावरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी भाकरीचं गाठोडं बाजूला सारलं, केक भांड्यातच कुस्करला आणि दूध मागितलं. तारा दुधाचा तांब्या घेऊन मुद्दाम प्रेमलाताईंच्या समोरून गेली. रखमाजींनी काला कालवला, ओरपून खाल्ला, काठ बोटानं पुसून घेतला. आणि सवयीनं भांडं धुवायला उठले.

तारानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. आत येऊन प्रेमलाताईंपुढं धरलं.

"ताई, एवढं विसळता का? माझे हात पिठाचे हायेत."

हात कोरडे, स्वच्छ होते. सगळ्यांना दिसत होते. प्रेमलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. जगन्नाथांनी बशीतून मान वर केली नाही. "ऊठ," एवढंच म्हणाले.

त्या उठल्या. भांडं दोन बोटांत धरून मोरीकडे निघाल्या.

"चिंच लावू नका हां," तारा मागून म्हणाली, "मातीचं हाय ते."

मोरीत नळ सुटला. पायरीवर रखमाजींनी कान दिला. मिशीवरचं दूध उपरण्यानं पुसलं, वहाणा काढल्या आणि उंबरा ओलांडून बैठकीत येऊन बसले. नळ अजून चालूच होता.