खिडकीजवळची खुर्ची

सून वारल्यापासून आमची चिमणी नात बोलेनाशी झाली होती. हात गुंतले तर मन थोडं वळेल, म्हणून चित्रांचं सॉफ्टवेअर आधी मी शिकलो, मग तिला शिकवलं. आठवड्याभरात तिने घरच्या कॉम्प्युटरवरचे सगळे आयकॉन बदलून टाकले. माझ्या पत्रांच्या फोल्डरवर तर चक्क माझं टक्कल आलं.

"कचऱ्याच्या डब्याला मात्र दोन चित्रं लागतात," मी म्हणालो. "एक रिकाम्याचं, एक भरलेल्याचं. डब्यात काही पडलं की चित्र आपोआप बदलतं."

रिकाम्यासाठी तिने खिडकीजवळची खुर्ची काढली. भरलेल्यासाठी त्याच खुर्चीत विणत बसलेली आई.

"अगं, आईला कुणी कचऱ्याच्या डब्यावर काढतं का?"

"असू दे ना, आजोबा."

इतक्या दिवसांनी काहीतरी मागत होती. मी असू दिलं.

आज ती शाळेत गेल्यावर सहज डबा उघडला, तर आत साठ-सत्तर फाइली. एकेक तपासून पाहिली. सगळ्या कोऱ्या. 'काय हा पोरीचा पसारा!' म्हणत मी डबा रिकामा केला.

पडद्यावर नुसती खुर्ची उरली.

शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मी एक कोरी फाइल तयार केली आणि डब्यात टाकली. सून पुन्हा खुर्चीत विणत बसलेली दिसली.

"बस गं पोरी," मी म्हणालो. "आता नाही उठवणार तुला."