हंडीतला दगड

हंडीला हात लावायच्या आधीच लेबलं छापून आणायची, ही कुठली रीत? द्वारका कुंभारणीला पुण्याच्या दुकानवालीचं हे वागणं खटकलं. दोनशे हंड्यांची ऑर्डर होती, आजवरची सगळ्यात मोठी. पण लेबलावर काय, तर ‘शुद्ध माती, आजीच्या काळची.’

“अगं, यात पेटॅलाइट आहे. लिथियमचा दगड दळून मातीत कालवलाय, म्हणूनच हंडी गॅसवर टिकते.”

“मावशी, दगड म्हटलं की गिऱ्हाईक पळतं. तेवढं गाळू या.”

तीन वर्षं फुटक्या हंड्यांचे ढीग उपसले, तेव्हा कुठं हे मिश्रण जमलं. द्वारकाबाईनं शेगडीवरच्या तापलेल्या हंडीत तांब्याभर गार पाणी ओतलं. दुकानवाली किंचाळून मागे सरली. वाफ उसळली, हंडीला चीरसुद्धा गेली नाही.

“माझ्या आजीची हंडी तडकली असती, पोरी. ही माझी आहे. दगडाची लाज वाटत असेल, तर माझ्या हंड्या विसर.”